चपला घालून जेवायचा गुरुवार

वर्षातून एकदाच आम्ही चपला घालून जेवतो. उभ्यानं, कमरेला दुपट्टा बांधून, डाव्या हातात काठी धरून. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, ऊन उतरल्यावर.

आमचं गाव आरमोरीहून आत, जंगलाला लागून. गावात ख्रिस्ती घरं नऊ. टिनाच्या छपराची एक खोली, तीच आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च. मी लहान असताना तिथं वल्हांडणाची गोष्ट पहिल्यांदा वाचून दाखवली गेली. मिसर देशातल्या गुलामांनी सुटकेच्या रात्री कसं जेवायचं, ते त्या गोष्टीत आहे. कोकरू भाजायचं, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावायचं म्हणजे नाश करणारा ते घर ओलांडून पुढं जाईल, बिनखमिराची भाकर आणि कडू भाजी खायची, कमर कसून, पायात वहाणा आणि हातात काठी घेऊन, घाईघाईनं. शहरातले लोक हे ऐकतात आणि आमेन म्हणून घरी जातात. आमच्या लोकांना वाटलं, सांगितलंय तर करायचं. तेव्हापासून करतो. चंद्रपूरच्या एका शिकलेल्या ताईनं मला हसून विचारलं होतं, "अजून काठ्या घेऊन उभे राहता का तुम्ही?" मी म्हटलं, "हो. आणि तुम्ही अजून बसूनच आहात का?"

कोकरू आम्हाला कुठलं, कोंबडा असतो. कडू भाजी म्हणजे कडुनिंबाचा कोवळा पाला. बिनखमिराची भाकर मात्र शोधावी लागली नाही. आमच्या तांदळाच्या भाकरीत खमीर कधी नव्हतंच. जेवण होत आलं की त्याच भाकरीतली एक पास्टर उचलतात, मोडतात, सगळ्यांना देतात, आणि मग एकच स्टीलचा पेला हातोहात फिरतो. प्रभू येशूनं पकडला जाण्याच्या रात्री वल्हांडणाच्याच पंगतीत भाकर मोडली आणि प्याला दिला, म्हणून आम्हीही प्रभुभोजन त्याच पंगतीत घेतो. कोकरू तोच, रक्त त्याचंच, सुटका आपली. एवढं आमच्या गावात निरक्षर माणसालाही समजावून सांगता येतं.

हे सगळं सांगायचं कारण तो पेला. माझे बाबा भाकर घेत, पण पेला घेत नसत. तोंडाजवळही न नेता पुढं देत.

बाबा मोहाची दारू काढायचे. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून भट्टी नाल्याच्या काठी, बेशरमाच्या झुडपांत. त्यांच्या हाताला नाव होतं. मोहफुलं पाण्यात सडत घातली की दोन दिवसांनी ते मडक्याला कान लावायचे आणि सांगायचे, "आज नाई, उद्या." आतला आवाज ऐकून त्यांना सडवा तयार झाला की नाही ते कळायचं. काढायचे तेवढी विकत नव्हते. बरीचशी स्वतःच प्यायचे.

घरी आले की मी पाण्याचा गिलास घेऊन धावायची. लोकांना वाटायचं, पोरगी किती गुणाची. मी वास घ्यायला जायची. गिलास देताना तोंडाजवळचा वास आला नाही तर अभ्यासाला बसायची, आला तर धाकट्या बहिणीला घेऊन शेजारी निघून जायची. आमच्या दाराला चौकट नव्हती, बांबूचा ताटवा होता. गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला प्रश्न पडला होता की आपण रक्त लावायचं कुठं? आणि नाश करणारा बाहेरून न येता आतच झोपलेला असेल तर?

बाबांची सुटली ती एखाद्या रात्रीत नाही. माय आधी मंडळीत जायला लागली. एका रविवारी बाबा तिला ओढत घरी न्यायला आले आणि दारातच उभे राहिले. आत वाचन चालू होतं. सुटलेले गुलाम रानात पोहोचल्यावर रडायला लागले की मिसरात आपण मांसाच्या हंड्यांजवळ बसायचो, तिथंच बरं होतं. बाबांनी दारातूनच विचारलं, "मंग? गेले का वापस?"

ते पुढच्या रविवारी पुढचं ऐकायला आले. त्या गोष्टीतल्या सगळ्या माणसांपैकी त्यांना ते रडणारेच आवडले. "त्यायच्यासाठी समुद्र फाटला ते मले समजत नाई," ते म्हणायचे, "हंड्यांचं समजते." मला म्हणाले होते, "मी कोनाचा गुलाम नोतो बाई. मालक नोता, साखळी नोती. पाय आपोआप तिकडं चालत."

वर्ष-दीड वर्ष पडत उठत गेलं. मग एका मोहाच्या हंगामाआधी त्यांनी भट्टीची मडकी नाल्याच्या दगडांवर आपटली. एक मायनं वाचवलं. "चांगलं मडकं काऊन फोडता? कोंबडी बसन त्याच्यात," म्हणून ती ते उचलून घरी घेऊन आली. कोंबडी त्यात अंडी द्यायला लागली. बाबांचा बाप्तिस्मा झाला. पण पेला नको म्हणाले. "लाल पानी दिसलं की मले भेव वाटते. शरबत असो का काही असो."

मंडळीत कोणी त्यांना काही बोललं नाही. मला मात्र ते लागायचं. मी गावातली पहिली पदवीधर. मुलगे धरून पहिली. आरमोरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. केली, नागभीडला एका शिकवणीत विज्ञान शिकवते. इतकं शिकून, उभ्या मंडळीत शास्त्रवाचन मी करते, आणि माझा बाप प्रभूच्या प्याल्याला घाबरतो, हे मला अर्धवट सुटकेसारखं वाटायचं.

त्या वर्षी, दारू सोडून तीन वर्षं झाली होती, हंगाम ऐन भरात होता. मार्च संपत आला की आमचं अख्खं गाव मोहाच्या वासात बुडालेलं असतं. पहाटे बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, दुपारभर अंगणाअंगणांत फुलं वाळतात, त्यांचा जड गोड वास अंथरुणापांघरुणांत शिरतो. मायही फुलं वेचायची, व्यापाऱ्याला द्यायची. ते उत्पन्न सोडून चालत नव्हतं. बाबा तेवढा महिना घराच्या मागं सावलीत बसून बांबूच्या टोपल्या विणायचे, अंगणाकडं पाठ करून. तो महिनाभर मी नागभीडला असले तरी रोज फोन करायची आणि मायला विचारायची, "बाबा कुठी आहे?"

"हाये ना, मांगं बसून राह्यला."

"नक्की?"

"जाऊन हात लावून पाहू का आता?"

अशा महिन्यात बाबा मला म्हणाले, "बाई, या गुरुवारी मी पेला घेईन म्हनतो."

माझा विश्वास बसेना. ते म्हणाले, "पन पास्टरची शिशी नको. त्याच्यात काय घालतात, आपल्याले का माहीत."

पास्टर तालुक्याहून मोटरसायकलनं येतात आणि पेल्यासाठी द्राक्षाच्या शरबताची बाटली आणतात. मी म्हटलं, "बाबा, मी स्वतः करते. निव्वळ मनुका आनि पानी. बाकी काहीच नाई. माह्यावर भरोसा हाये ना?"

"तुह्यावरच हाये," ते म्हणाले.

हे वाक्य मी आजही पुसू शकत नाही.

सोमवारी आरमोरीच्या बाजारातून काळ्या मनुका आणल्या. मंगळवारी उकळल्या, कुस्करल्या, गाळल्या. मला बुधवारी नागभीडला जायचंच होतं, मुलांच्या परीक्षा होत्या, आणि गुरुवारी परतायला संध्याकाळ होणार. म्हणून दोन दिवस आधी. चव घेतली तर फिकी लागली. पहिल्यांदाच घेणार आहेत, गोड लागू दे, म्हणून मूठभर गूळ घातला. आता ठेवायचं कशात? स्टीलचा डबा उन्हानं हात लागू देत नव्हता. शेजारच्या फ्रिजचा भरवसा नाही, लाइन दिवसातून चार वेळा जाते. पाण्याची मडकी भरलेली. मागं ते कोंबडीचं मडकं उपडं पडलं होतं. राखेनं तीनदा घासलं, उकळतं पाणी फिरवलं, उन्हात वाळवलं. तीन वर्षं झालीत, आता त्यात काय राहिलं असणार? ओलं फडकं गुंडाळून, थंड कोपऱ्यात ठेवून, वर ताटली झाकून मी निघून गेले.

बुधवारी सकाळी मी अकरावीच्या मुलांकडून किण्वनाची उजळणी करून घेतली. साखर, ऊब, बंद भांडं, सूक्ष्म जीव. फळ्यावर आकृती काढली. मडकं काढलं नाही, चंबू काढला, पुस्तकात चंबूच असतो.

गुरुवारी बस उशिरा सुटली. वडशाजवळ थांबली. मी खिडकीतून मोहाची झाडं मोजत बसले होते आणि मनात एकच चालू होतं, बाबांनी ऐनवेळी माघार घेऊ नये. फाट्यावर उतरून जवळजवळ पळतच मंडळीत पोहोचले तेव्हा सगळे काठ्या घेऊन उभे होते. मायनं रस जगमध्ये ओतून आणला होता. तिला चार दिवसांची सर्दी, नाक चोंदलेलं. माझा उपवास, म्हणून मीही चाखलं नाही. मी फक्त रंग पाहिला. छान काळसर लाल होता.

वाचन मी केलं. बाबा समोर, पांढरा दुपट्टा कमरेला, तेंदूची काठी, पायात टायरच्या चपला. चपला घालून अन्नाला शिवायचं त्यांना कधीच आवडलं नाही. आमच्या मंडळीतली विधवा मोठीआई, जिची जीभ सगळ्या गावाला माहीत आहे, ती दर वर्षीसारखी म्हणाली, "माही सासू असती तं चपलेसकट उचलून बाहेर फेकलं असतं मले."

"मोठीआई, घाईनं जेवाचं असते," कोणीतरी म्हटलं.

"घाई कायची? तुले कुठी जावाचं हाये?"

कडू पाला झाला, कोंबडा झाला. पास्टरांनी भाकर मोडली. बाबांनी तुकडा घेतला आणि हळूहळू चावला. मग पास्टरांनी पेला भरला, प्रार्थना केली आणि कोणाला न देता सरळ बाबांसमोर धरला. "भाऊ, आज पयला तुमी."

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हातांनी पेला घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबले.

मला वाटलं, भ्याले. त्यांनी पेल्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी ओठ हलवले. "घ्या." आवाज न करता, दोनदा. "घ्या, बाबा."

त्यांनी पेला इंचभरही हलवला नाही. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, हे कशात ठेवलं होतं?"

"मडक्यात."

"कोनत्या?"

माय म्हणाली, "कोंबडीच्या."

"गूळ घातला?"

"थोडासा," मी म्हटलं. आणि म्हणतानाच फळ्यावरचा चंबू माझ्या डोळ्यांसमोर आला.

"पास्टरभाऊ," बाबा म्हणाले, "हे घ्या माह्या हातातून. लवकर घ्या." त्यांनी पेला खाली ठेवला नाही, वाकलेसुद्धा नाहीत. कोणीतरी काढून घेईपर्यंत हात तसेच पुढं धरून उभे राहिले.

पास्टरांनी वास घेतला. "मले तं गोडच येते वास, भाऊ."

"आता गोडच येईन. आंब धरली हाये त्यानं. मडकं घासलं म्हून विसरत नाई."

मागून एक जण म्हणाला, "जरासं आंबलं तं काय होते? शहरात तं खरी वाइन देतात." दुसरा हसला, "फेकत असान तं मले द्या."

"तुले काठी देतो थांब," मोठीआई म्हणाली, "हातातच हाये."

बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "तुमाले काई नाई होत. मले होते." आणि माझ्याकडं वळले. "जगमधलं तू फेक. मडक्यातलं पन तूच फेक. माह्या हातात नको देऊ."

मी घरी गेले. मडक्यात तळाशी गाळ उरला होता. काय वाटलं कोण जाणे, मी कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती, गरम तव्यावर मीठ टाकल्यासारखी. एवढी वर्षं बाबा ऐकत होते तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या हातानं तयार झालेला. मडकं मागच्या दगडावर आपटलं. कोंबडी ओरडत पळाली.

पिशवीत मनुका उरल्या होत्या. मंडळीच्या अंगणात तीन दगड मांडले, पातेलं ठेवलं. बाबा येऊन चुलीसमोर बसले, चपला घालूनच. आत लोक उभे होते. पास्टर म्हणाले, "बसा थोडा वेळ," तर मोठीआई म्हणाली, "गोष्टीत बसले का ते?" आणि कोणी बसलं नाही.

मी काटक्या सारत होते. म्हटलं, "बाबा, मी तुमाले घ्या म्हटलं."

"तुले वास नाई समजला."

"लहानपनी समजत होता. पानी द्याले येत होती तेव्हा वासच घेत होती मी."

"मले माहीत होतं," बाबा म्हणाले. "म्हून मी श्वास धरून पानी पीत होतो."

मी आणखी एक काटकी सारली. बाबा पातेल्याकडं पाहत बोलत राहिले. "वाटलं होतं, तीन वर्षांत गेलं असन. नाई गेलं. नाकात शिरलं तसं पोट म्हने, घे. पोरीच्या हातचं हाये, देवाच्या नावाचं हाये, कोन काय म्हनन? याच्याहून चांगला मोका नाई भेटन."

"मंग?"

"मंग काय. तुले इचारलं, कशात ठेवलं."

मी तोपर्यंत समजत होते की सुटका म्हणजे ओढ संपणं. समुद्र ओलांडला, मागं दार बंद झालं, विषय संपला. मग प्रभूनं आपली आठवण एकदाच करून थांबा असं का नाही सांगितलं? पुन्हा पुन्हा भाकर मोडायला, पुन्हा पुन्हा प्याला घ्यायला का सांगितलं? माझ्या पदवीत याचं उत्तर नव्हतं. ते माझ्या शेजारी बसून पातेल्यातला फेस काढत होतं. बाबा दारूच्या ओढीतून सुटले नव्हते. पण ती ओढ उभ्या मंडळीत सांगायला, हात पुढं करून "काढून घ्या" म्हणायला ते मोकळे होते. मिसरात असताना त्यांना हे जमलं नसतं. तिथं ते श्वास धरून राहायचे.

"काढ आता," त्यांनी सांगितलं. "गूळ नको घालू."

पाण्याच्या परातीत पातेलं ठेवून निववलं, पण अंधार पडायच्या आत उरकायचं होतं. पास्टरांनी पुन्हा प्रार्थना केली, पुन्हा पेला भरला. बाबांनी दोन्ही हातांनी घेतला. वास घेतला, बराच वेळ. या वेळी मी ओठ हलवले नाहीत. तो निर्णय माझा नव्हता, हे मला कळायला एक मडकं फुटावं लागलं.

ते प्याले. एकच घोट. पेला पुढं दिला आणि म्हणाले, "कोमट हाये." मंडळी हसली. मोठीआईनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "फिका पन हाये."

तेव्हापासून आमच्या गुरुवारात आणखी एक रीत शिरली आहे. शास्त्रात ती नाही. रस त्याच दिवशी उकळतो, आणि वाटप सुरू व्हायच्या आधी पेला बाबांच्या नाकाखाली जातो. पास्टर थांबतात. लोक चेष्टा करतात, म्हणतात आमच्या मंडळीला मीटर बसवलंय. बाबाही हसतात. पण पेला हातात आला की हसू जातं. ते डोळे मिटतात.

मी समोर असते, पायात चपला, हातात काठी. मला माहीत असतं की रस सकाळचा आहे, पातेलं स्टीलचं आहे, गूळ नाही. सगळं मीच केलेलं असतं. तरी बाबा डोळे उघडून "चालते" म्हणेपर्यंत मी श्वास धरून उभी असते.